जास्तीचे कापड



गेली तीस वर्षे मी यंत्रमाग आणि शिलाई कामगारांत वावरतो आहे. त्यामुळे कपडा दिसला की माझी नजर आधी शिवणीकडे जाते आणि घालणाराच्या तोंडाकडे नंतर. आज ज्या कपड्याविषयी बोलण्याचे मी कबूल केले आहे तो मात्र मी हातात घेऊन पाहिलेला नाही. तो आहे अमेरिकेत, लॉस एंजेलिस शहरातल्या मोठ्या कला-संग्रहालयात. मी त्याची चित्रे पाहिली, आणि आपल्या नगर वाचनालयात व पुढे मुलाच्या संगणकावर जे मिळाले ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. माझी शाळा सातवीत सुटली. तेव्हा बोलण्यात काही उणेअधिक झाले तर पदरात घ्यावे.

हा कपडा म्हणजे पुरुषाचा एक लोकरी सूट आहे. कोट आणि विजार. संग्रहालयाच्या नोंदीप्रमाणे तो १९४० ते १९४२ च्या दरम्यान शिवलेला आहे. ह्या तऱ्हेला 'झूट सूट' म्हणत. नाव ऐकून कोणी हसू नये. आपल्याकडच्या 'झूट'चा आणि त्याचा काही संबंध नाही. २०११ साली संग्रहालयाने तो लिलावात घेतला, तेव्हा जवळजवळ ८० हजार डॉलर मोजावे लागले. विसाव्या शतकातल्या पुरुषी कपड्याला लिलावात तोपर्यंत एवढी किंमत कधी आली नव्हती, असे तेव्हा सांगितले गेले. पुढे २०१६ साली तीनशे वर्षांच्या पुरुषी पोषाखांचे मोठे प्रदर्शन त्या संग्रहालयाने भरविले, त्यात सरदार-दरकदारांच्या जरीच्या कोटांच्या मांदियाळीत हाही उभा होता. आता ही तऱ्हा काही सरदारांची नव्हे. हॉटेलात बशा उचलणारी, गोदीत आणि कारखान्यात राबणारी सतरा-अठरा वर्षांची पोरे असे सूट घालीत. हजारोंनी शिवले गेले. तरीही खराखुरा जुना झूट हाती लागावा म्हणून संग्रहालयाची माणसे दहा वर्षांहून अधिक काळ शोध करीत होती. तो इतका दुर्मिळ का झाला, हेच मला आज सांगायचे आहे.

आधी कपडा कसा होता ते पाहू. कोटाच्या खांद्यांत इतका भरणा की खांदा माणसाच्या खांद्याच्या पुढे चार बोटे निघावा. कंबरेत आवळ, आणि तिथून खाली कोट इतका लांब की हात सरळ सोडला तर बोटांच्या टोकाशी यावा. हौशी पोरांचा तर गुडघ्यापर्यंत. विजार जवळजवळ छातीशी बांधलेली. तिला वर चुण्या, मांडीशी आणि गुडघ्याशी ती पोत्यासारखी फुगलेली, आणि मोहरी मात्र इतकी अरुंद की पाऊल आत घालताना मिनतवारी करावी लागे. वर रुंद काठाची टोपी, आणि कंबरेपासून लोंबत गुडघ्याखाली जाणारी घड्याळाची साखळी. पाहणाराला हे सोंग वाटेल. परंतु शिंप्याच्या नजरेने पाहिले तर त्यात हिशेब आहे. ही पोरे रात्री नाचघरात जात. तो नाच आपल्या लेझीमसारखा दमाचा. उड्या, गिरक्या, जोडीदारणीला खांद्यावरून फेकणे. मांडीशी सैल विजार असल्याशिवाय पाय उचलत नाही, आणि मोहरी सैल असली तर टाच अडकून माणूस तोंडावर आपटतो. म्हणून वर घेर आणि खाली आवळ. ज्याने हे प्रथम बेतले त्याला नाच कळत होता.

प्रथम कोणी बेतले, ह्यावर पुष्कळ दावे आहेत. शिकागोचा हॅरॉल्ड फॉक्स कपड्याचा धंदा करी आणि बँडमध्ये ट्रम्पेटही वाजवी. तो म्हणे, मी. न्यूयॉर्कच्या एका प्रतिष्ठित दैनिकाने जॉर्जिया प्रांतातल्या एका हॉटेल-नोकराने १९४० साली शिवून घेतलेल्या सूटाला पहिला मान दिला. मला विचाराल तर अशा कपड्याला एक बाप नसतो. गिऱ्हाईक म्हणते, मास्तर, आणखी दोन इंच सोडा. दुसरे येऊन म्हणते, त्याच्याहून दोन इंच जास्त. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कृष्णवर्णीय तरुणांत ही चाल रुजली होती, एवढे नक्की. तिथून ती जॅझ संगीताच्या मागोमाग देशभर गेली. कॅब कॅलोवे हा नामांकित बँडवाला १९४३ च्या एका चित्रपटात असाच सूट घालून नाचला आहे.

पैसे कोठून येत? पुढे मॅल्कम एक्स म्हणून जगाला माहीत झालेला पुढारी पोरवयात बॉस्टन शहरात होता. त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की पहिला झूट त्याने उधारीवर, हप्त्याने घेतला. दुकानदार तयारच होता. आपल्याकडे फटफटी घेऊन देणारे असतात ना, तसा. हप्त्याचा धंदा करणारा गिऱ्हाइकाला नावे ठेवीत नाही. नावे ठेवणारे निराळे असतात.

आता लॉस एंजेलिसकडे येऊ. तेथे हा कपडा उचलला तो प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या मुलांनी. ह्या मुलांना 'पाचूको' म्हणत आणि मुलींना 'पाचूका'. मुलीही तोच लांब कोट घालीत, खाली आखूड झगा. त्यांच्या आईबापांनी रेल्वेचे रूळ टाकले होते, मळ्यांत संत्री तोडली होती. १९३० नंतरच्या मंदीत सरकारी अधिकाऱ्यांनी लाखो मेक्सिकनांना गाडीत बसवून सरहद्दीपलीकडे रवाना केले. त्यांत अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे तिथले हक्काचे नागरिकही पुष्कळ होते. जे राहिले त्यांच्या मुलांना दक्षिण कॅलिफोर्नियातल्या काही गावी पोहण्याच्या तलावात आठवड्यातून एकच दिवस प्रवेश असे, आणि तो दिवस तलावाचे पाणी बदलण्याच्या आदला असे. पाण्याची ही कहाणी ह्या सभागृहात कोणाला उलगडून सांगायला नको.

मग महायुद्ध आले. १९४१ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी हुकूम काढला की युद्धसामग्रीच्या कारखान्यात वंश पाहून कोणाला कामावरून वगळता कामा नये. तो हुकूम असाच मिळाला नव्हता. फिलिप रँडॉल्फ ह्या कृष्णवर्णीय कामगार पुढाऱ्याने राजधानीवर मोर्चा नेण्याची तयारी केली होती, तेव्हा तो निघाला. हळूहळू विमानांचे आणि जहाजांचे कारखाने ह्या मुलांना थोडेफार उघडले. घरात प्रथमच रोख पगार आला. ज्या पोराने थोरल्या भावाचा उतरलेला सदराच आजवर घातला, त्याने पहिल्या पगाराचे काय केले असेल? त्याने आपल्या मापाचे, किंबहुना मापापेक्षा मोठे, असे काही शिवून घेतले.

नेमके ह्याच वेळी कापड आखडले. १९४२ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या युद्ध-उत्पादन मंडळाने पुरुषांच्या सूटांना लागणारे लोकरी कापड सुमारे २६ टक्क्यांनी कमी करण्याचा हुकूम काढला. विजारीच्या मोहरीची दुमड बंद झाली, सूटामागे दुसरी विजार देणे बंद झाले, कोटाच्या लांबीला बंधन आले. ह्या हुकुमाखाली झूट शिवणे अशक्यच होते. संग्रहालयातल्या सूटाची तारीख १९४२ पाशी का थांबते, हे आता ध्यानात येईल. टंचाई खरी होती, ह्याविषयी मला शंका नाही. आपल्याकडेही १९४३ च्या जूनमध्येच सुती कापड आणि सूत ह्यांच्या नियंत्रणाचा आदेश निघाला. माझे आजोबा तेव्हा मुंबईच्या एका गिरणीत साच्यावर होते. दिवसभर लष्कराचे कापड विणायचे आणि घरी धोतराला ठिगळ. आजी सांगे, दोघी जावांत बाहेर जायचे धड लुगडे एकच होते, म्हणून एक बाजारात गेली की दुसरी घरात. तेव्हा युद्धात कापड वाया घालवू नका, असे कोणी म्हटले तर मी त्याला हसणार नाही.

परंतु हुकूम नीट वाचावा, हे मी युनियनमध्ये शिकलो. हुकूम बांधत होता तो कारखानदाराला आणि शिंप्याला. अंगावर आधीपासून असलेला कोट घालू नये, असे त्यात कोठेही नव्हते. श्रीमंतांच्या कपाटांतही जुने पायघोळ कोट आणि घेरदार झगे होते. ते फाडायला कोणी गेले नाही. काही शिंपी हुकूम मोडून चोरून झूट शिवीत, हे खरे. त्यांचाही पाठलाग असा झाला नाही. सारा राग आला तो घालणाऱ्यावर. दोन वार कापड कोणाच्या अंगावर जास्त झाले, ह्यावर ते 'जास्त' ठरत होते.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये शहराबाहेर, मुले पोहायला जात त्या एका तळ्यापाशी मेक्सिकन वंशाचा एक तरुण जखमी सापडला आणि दवाखान्यात मेला. त्या तळ्याला वर्तमानपत्रांनी 'स्लीपी लगून', म्हणजे पेंगुळलेले तळे, असे नाव दिले. पोलिसांनी पुढल्या दिवसांत ६०० च्या आसपास तरुण पकडले. शेवटी २२ जणांवर खटला एकदम चालला. शेरीफच्या कचेरीतल्या एका अधिकाऱ्याने ज्यूरीपुढे असा अहवाल ठेवला की ह्या लोकांच्या रक्तातच अझ्टेक पूर्वजांची हिंसा आहे. खटल्यात सरकारी बाजूने आग्रह धरला की आरोपींना कपडे बदलू देऊ नयेत आणि केस कापू देऊ नयेत. पंचांनी त्यांना आहेत तसेच पाहावे! पुराव्याच्या जागी कपडा उभा राहिला. आरोपींना वकिलांपासून दूर बसविले, खटला चालू असता बोलण्याची सोय नाही. १९४३ च्या जानेवारीत १७ जण दोषी ठरले. तिघांना पहिल्या प्रतीच्या खुनाबद्दल जन्मठेप. ज्या मुलींनी मित्रांविरुद्ध साक्ष देण्याचे नाकारले, त्यांपैकी काहींची गुन्हा शाबीत न होताच सुधारगृहात रवानगी झाली. त्यांच्या हकिकती फार मागाहून लिहिल्या गेल्या. मुलींचे असेच होते.

पाच महिन्यांनी रस्ते पेटले. शहरात खलाशांचे मोठे शिक्षणकेंद्र होते, मेक्सिकन वस्तीला लागून. खलाशांत आणि पोरांत शिवीगाळ, धक्काबुक्की, मुलींवरून तंटे हे पूर्वीपासून चालू होते; आणि दोष एकाच बाजूचा होता, असे मी म्हणणार नाही. पोरांतही दांडगट होते, काहींच्या खिशात चाकू असे. पण ३ जून १९४३ च्या रात्री पन्नासेक खलाशी पट्टे आणि सोटे घेऊन बाहेर पडले, आणि पहिल्याच चित्रपटगृहात त्यांच्या तावडीत जी पोरे सापडली त्यांतली काही बारा-तेरा वर्षांची होती. दुसऱ्या रात्री दोनशे जण टॅक्स्या भाड्याने करून निघाले. ७ जूनला तर हजारोंचा जमाव. चित्रपटगृहात शिरून दिवे लावायला लावीत, रांगेतून पोरे ओढून काढीत; ट्रामगाड्या थांबवून आत शोध घेत. मेक्सिकन तर होतेच, पण कृष्णवर्णीय आणि फिलिपिनोही सापडले, झूट असो वा नसो. मारायचे, अंगावरचा कोट-विजार फाडून काढायची, मागे वळवलेले केस कापायचे, आणि कपड्यांचा ढीग करून पेटवायचा. पोलीस मागून येत आणि रस्त्यात उघड्याने पडलेल्या पोरालाच अटक करीत. शेकडो मेक्सिकन तरुण असे धरले गेले. झूटवाल्याला कसे पकडावे आणि त्याच्या कपड्याची वाट कशी लावावी, ह्याची कृती एका स्थानिक वर्तमानपत्राने छापली होती.

कोणी मेले नाही, ही दैवाची गोष्ट. अखेर लष्कराने आपल्या माणसांना शहरबंदी केली तेव्हा दंगल ओसरली. ९ जूनला नगरसभेने काय करावे? झूट घालणे हाच गुन्हा ठरवावा, असा ठराव केला. तो कायद्यात कधी उतरला नाही, हे सुदैव. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट ह्यांनी लिहिले की प्रश्न सूटाचा नाही, त्याहून खोल आहे आणि वंशद्वेषाशी निगडित आहे. तर शहरातल्या प्रमुख दैनिकाने त्यांच्यावरच कम्युनिस्टांचा सूर काढल्याचा ठपका ठेवला. गव्हर्नरने नेमलेल्या समितीनेही वंशद्वेष हे मूळ असल्याचे म्हटले. महापौर तसे नाहीच म्हणत राहिले. आणि लक्षात ठेवा, ह्याच वस्तीतली हजारो मुले त्या वेळी अमेरिकेच्याच लष्करात होती.

आता कळेल, संग्रहालयाला दहा वर्षे का लागली. काही सूट घालून विरले, काही लेकरांसाठी कापून छोटे केले गेले असतील. गरिबाच्या घरात लोकरीचे कापड फुकट जात नाही. पण पुष्कळसे फुटपाथवर जळाले.

मी कामगार चळवळीतला, म्हणून साहजिकच शोधले की आमची माणसे तेव्हा कोठे होती. खटल्यातल्या मुलांसाठी बचाव समिती उभी राहिली, तिचे अध्यक्ष कॅरी मॅकविल्यम्स हे वकील-लेखक. पण पैसा आणि माणसे ह्यांचा मोठा आधार सीआयओ ह्या संघटनेच्या युनियनांचा. समितीची चिटणीस अॅलिस ग्रीनफील्ड ही तिशीच्या आतली तरुणी, युनियनच्या कामातून आलेली. ती सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात जाऊन मुलांना भेटे आणि त्यांच्यासाठी पत्रक काढी. लुइसा मोरेनो ही डबाबंद फळांच्या कारखान्यांतल्या बायकांची पुढारी. तीही ह्या कामात होती. तिला पुढे १९५० साली हद्दपारीच्या धाकाने देश सोडावा लागला. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये वरच्या न्यायालयाने सगळ्यांच्या शिक्षा रद्द केल्या: पुरावा नाही, न्यायाधीशाचे वागणे योग्य नाही, आरोपींना वकिलांपासून तोडले हे गैर. तोवर पोरांची दोन वर्षे आत गेली होती.

हे वाचताना मी जरा ओशाळलो. का, ते सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका शिलाई कारखान्याच्या जादा कामाच्या पैशांसाठी आम्ही शिष्टमंडळ घेऊन कचेरीत निघालो होतो. त्यात एक पोरगा होता, वीस-एकवीसचा. केस तांबडे केलेले, कानात बाळी, गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली जीनची पँट. मी त्याला दारातच म्हणालो, "तू मागे थांब रे. साहेबासमोर बरे दिसत नाही." त्याने वाद घातला नाही. खिशातून एक वही काढली. चार महिन्यांच्या जादा तासांचा हिशेब, तारीखवार, माणसागणिक. सगळ्या कारखान्यात तेवढ्या एकानेच ठेवलेला. "अण्णा, मग ही तरी न्या," म्हणाला, आणि निघून गेला. त्या वहीवर आमचे काम झाले. तो पोरगा पुन्हा कधी सभेला आला नाही. मी बोलावणे पाठवले, तेही उशिराच. माझ्याही डोक्यात कामगार म्हणजे पांढरा सदरा आणि विंचरलेला भांग, असे एक माप बसले होते. ते कोणी बसवले, मला सांगता येणार नाही.

कॅलिफोर्नियाच्या मळ्यांतला एक पोरगाही तेव्हा असेच कपडे घाली. आईबापांची जमीन गेलेली, गावोगाव फिरून द्राक्षे आणि कापूस वेचणारे कुटुंब. झूट घालून फिरायला छाती लागे, पोलीस हटकत, असे तो पुढे सांगे. त्याचे नाव सेझार चावेझ. १९६२ साली त्याने शेतमजुरांची संघटना काढली, १९६५ साली द्राक्षमळ्यांच्या संपात उतरला, आणि गांधीजींचे वाचून १९६८ साली पंचवीस दिवस उपास केला. त्याच्याकडे कोणी कपडे पाहून "मागे थांब" म्हटले असते तर किती मजूर मागे राहिले असते!

त्याच संपात लुइस वाल्डेझ नावाचा तरुण मळ्याच्या बांधावर, मालमोटारीच्या पाठीवर नाटुकली करी. आपल्या कलापथकांसारखीच, नट सगळे मजूर. त्यानेच १९७८ साली लॉस एंजेलिसच्या मोठ्या रंगमंदिरात ह्या खटल्यावर 'झूट सूट' हे नाटक आणले. पुढच्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेले आणि १९८१ साली त्याचा चित्रपट झाला. नाटकात एक पाचूको आहे, सूत्रधारासारखा, काळा सूट, लांब साखळी, रुबाब असा की प्रेक्षक डोळे काढीत नाहीत. दंगलीच्या प्रवेशात खलाशी त्याला घेरतात आणि त्याचा सूट ओरबाडून काढतात. तो उठतो तेव्हा अंगावर फक्त लंगोटी असते, अझ्टेक पूर्वजासारखी. शेरीफच्या माणसाने ज्या पूर्वजांना खुनी ठरवले होते, तेच. तसाच तो ताठ उभा राहतो, आणि हळूहळू रंगमंचावरून निघून जातो. नाटक संपण्यापूर्वी तो परत येतो. अंगावर पुन्हा सूट असतो, पूर्ण लांबीचा.